अफूमुक्तीचे दहा दिवस आणि त्यानंतर

माळव्याच्या काळ्या जमिनीला अफूची ओळख नवी नाही. होळकर व शिंदे यांच्या संस्थानी राजवटीत माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे रवाना होत असे. आजही मंदसौर, नीमच व रतलाम या जिल्ह्यांतील परवानाधारक शेतकरी हे पीक घेतात. नीमच व गाझीपूर येथील शासकीय कारखान्यांत अफूवर प्रक्रिया होते आणि तिच्यापासून मॉर्फीन, कोडीन यांसारखी मौल्यवान औषधी द्रव्ये मिळतात. या सर्व व्यवहारावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय ग्वाल्हेर येथे आहे. तात्पर्य, ज्या प्रदेशात आपण राहतो त्या प्रदेशाचा या द्रव्याशी संबंध दीर्घ काळचा आहे, आणि त्याच्या व्यसनाचा प्रश्नही तितकाच जुना आहे.

हा प्रश्न केवळ माळव्यापुरता मर्यादित नाही. केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करवून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील सुमारे २ कोटी २६ लक्ष लोक अफू किंवा तत्सम द्रव्यांचे सेवन करतात, आणि त्यांपैकी सुमारे ७७ लक्ष लोकांना उपचारांची गरज आहे. हे लोक कोणाचे तरी पुत्र, पती, बंधू आहेत. त्यांच्या सुटकेचा विचार करताना भावनेइतकीच माहितीचीही आवश्यकता असते. ती माहिती सुबोध रीतीने वाचकांपुढे ठेवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

एक नेहमीचा प्रश्न

ग्रामसभांतून अथवा शाळांतून व्यसनमुक्तीविषयी बोलण्याचा प्रसंग आला म्हणजे एक प्रश्न हमखास पुढे येतो. एखादे वयस्क गृहस्थ उठून म्हणतात, "साहेब, दवाखान्यात गेले की अफू सोडवायला पुन्हा अफूच्याच जातीची गोळी देतात. बैल एका खुंट्याचा सोडला आणि दुसऱ्या खुंट्याला बांधला, असेच ना हे? त्या गोळीवाचून सुटण्याचा काही मार्ग नाही का?"

प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. उत्तर असे की, मार्ग आहेत. अफूजन्य औषध न देताही शरीरातील अफूचा अंमल उतरविता येतो, आणि असे अनेक ठिकाणी घडले आहे. परंतु या उत्तराला दुसरी एक बाजू आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. ती न सांगितल्यामुळे माणसे प्राणास मुकतात. म्हणून दोन्ही बाजूंचा क्रमाने विचार करू.

शरीरात काय घडते?

अफू, डोडाचुरा, गर्द अथवा स्मॅक, हेरॉइन, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या ही सर्व द्रव्ये एकाच कुळातील आहेत. वैद्यकशास्त्रात या कुळास ओपिऑइड म्हणतात. मानवी मेंदूत या द्रव्यांना ग्रहण करणारी विशिष्ट स्थाने आहेत, हे १९७३ मध्ये सिद्ध झाले. शरीर स्वतःच अशा प्रकारची वेदनाशामक द्रव्ये अल्प प्रमाणात निर्माण करते, हा शोध १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे लागला. बाहेरून आलेली अफू याच नैसर्गिक स्थानांवर जाऊन बसते. वेदना शमते, चित्त सुस्तावते, श्वास मंदावतो.

हे नित्य घडू लागले की शरीर त्याच्याशी जुळवून घेते. पूर्वी जेवढ्या मात्रेने अंमल चढे तेवढीने तो चढेनासा होतो व मात्रा वाढवावी लागते. याला सहनशक्ती वाढणे असे म्हणतात. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याच्याशीच आपल्याला मुख्य काम आहे.

मेंदूच्या देठाशी निळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. शरीराला सावध ठेवणारे नॉरॲड्रेनलिन हे द्रव्य तेथून मेंदूत सर्वत्र पोहोचते. अफू या पुंजक्यास दाबून ठेवते, आणि शरीर तो दाब सोसून काम करावयास शिकते. अशा स्थितीत अफू एकाएकी बंद झाली, म्हणजे दाबलेली कमान सुटावी तसा हा पुंजका उसळतो. जांभया, शिंका, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, घाम, पोटात कळा, उलट्या, जुलाब, हातापायांची असह्य तोड, निद्रानाश व मनाची विलक्षण तगमग ही त्याची लक्षणे होत. गर्द घेणारे यालाच 'टर्की' म्हणतात.

गर्द वा हेरॉइन घेणाऱ्यास हा त्रास शेवटच्या मात्रेनंतर सामान्यतः आठ ते बारा तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पराकोटीस पोहोचतो आणि आठ-दहा दिवसांत बव्हंशी ओसरतो. झोप न लागणे व उदास वाटणे मात्र कित्येक आठवडे टिकते. हे दिवस वैद्यकीय देखरेखीखाली सुसह्य रीतीने पार पाडणे यास निर्विषीकरण म्हणतात.

बदली औषध म्हणजे काय?

निर्विषीकरणाची प्रचलित पद्धत म्हणजे त्याच कुळातील, परंतु दीर्घकाळ व संथपणे काम करणारे औषध देऊन ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्रमाक्रमाने कमी करीत जाणे. मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फीन ही अशी दोन औषधे होत. कित्येक रुग्णांना ती कमी न करता महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे दिली जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या दोन्ही औषधांचा समावेश आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

ही कल्पना आपल्याकडेही अगदीच अपरिचित नव्हती. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेत दहा वर्षांच्या आत अफूचे औषधाव्यतिरिक्त सेवन बंद करावयाचे ठरले, आणि १९५९ मध्ये तसा निर्बंध आला. त्या वेळी ज्यांना अफूवाचून चालणे अशक्य होते अशांची नोंद करून वैद्यकीय दाखल्यावर त्यांना ठराविक अफू देण्याची सोय शासनाने ठेवली होती. जुन्या पिढीतील 'नोंदलेले अमली' ते हेच. बदली औषध हे या जुन्या सोयीहून कितीतरी सुरक्षित आहे. त्याची मात्रा निश्चित असते, ते डॉक्टरांच्या हातून मिळते, आणि ते घेणारा मनुष्य शेतात, कारखान्यात वा कचेरीत नीट काम करू शकतो.

तथापि काही रुग्ण ते घेऊ इच्छीत नाहीत, काहींच्या गावाजवळ ते मिळण्याची सोय नसते, आणि काहींना त्याची गरजही पडत नाही. अशांसाठी कोणते मार्ग आहेत ते पाहू.

बदली औषधावाचून निर्विषीकरणाचे मार्ग

पहिला मार्ग क्लोनिडीन या औषधाचा. हे मूळचे रक्तदाब उतरविण्याचे औषध. वर ज्या निळसर पुंजक्याचा उल्लेख केला त्याची उसळी ते शांत करते. १९७८ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठातील गोल्ड, रेडमंड व क्लेबर या डॉक्टरांनी अफूच्या कुळातील द्रव्य बंद केलेल्या रुग्णांवर त्याचा गुण दाखवून दिला. याच जातीचे लोफेक्सिडीन हे औषध ब्रिटनमध्ये १९९२ पासून वापरात आले आणि अमेरिकेत त्यास २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ही औषधे अफूच्या कुळातील नाहीत व त्यांची तशी तलफ लागत नाही. घाम, जुलाब, अंगावरचा काटा व हृदयाची धडधड त्यांनी कमी होते. हातापायांची तोड, निद्रानाश व तलफ यांवर मात्र त्यांचा फारसा उपयोग होत नाही. रक्तदाब एकाएकी उतरून रुग्ण चक्कर येऊन पडण्याचा धोका असल्यामुळे प्रत्येक मात्रेपूर्वी रक्तदाब मोजणे आवश्यक असते. त्यामुळे ही गोळी दुकानातून आणून घरच्या घरी घेऊ नये.

दुसरा मार्ग लक्षणानुसार उपचारांचा. जुलाबांवर जुलाबाचे, उलट्यांवर उलटीचे, अंगदुखीवर साधे वेदनाशामक औषध द्यावयाचे. पाणी व क्षारांची तूट भरून काढण्यासाठी मीठ-साखरेचे पाणी वारंवार पाजावयाचे. हे उपाय साधे दिसतात, परंतु त्यांचे मोल मोठे आहे. अफू बंद केल्याने सशक्त मनुष्य सहसा दगावत नाही. मात्र सतत उलट्या व जुलाब होऊन शरीर कोरडे पडले आणि कोणी लक्ष दिले नाही, तर मृत्यूही ओढवू शकतो. झोपेच्या गोळ्यांबाबत विशेष सावधगिरी हवी, कारण एका व्यसनातून सुटताना दुसरे जडण्याचा संभव तेथेच अधिक असतो.

तिसरा मार्ग सामूहिक शिबिराचा. राजस्थानात जोधपूरनजीक माणकलाव या गावी नारायणसिंह माणकलाव यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकाच्या अखेरीस अफूमुक्ती शिबिरांची परंपरा सुरू झाली. पश्चिम राजस्थानात लग्नकार्यात, मयतीच्या बैठकीत, समेटाच्या प्रसंगी अफूची मनुहार करण्याची जुनी चाल. तेथे एकट्याने अफू सोडणे म्हणजे समाजातून उठण्यासारखे. म्हणून सोडणाऱ्यांनी एकत्र यावे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकत्र राहावे, एकमेकांचे पाय दाबावेत, भजन करावे आणि एकत्रच घरी परतावे, ही त्यामागील कल्पना. पुढे मनोविकारतज्ज्ञांनी या पद्धतीचा अभ्यास करून ती वैद्यकीय नियतकालिकांतून मांडली.

याच स्वरूपाचे दुसरे प्रसिद्ध उदाहरण थायलंडचे. तेथील साराबुरी प्रांतातील थाम क्राबोक या बौद्ध विहारात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अफूच्या व्यसनींवर उपचार केले जातात. प्रथम रुग्णाने व्यसन सोडण्याची प्रतिज्ञा घ्यावयाची. त्यानंतर पहिले पाच दिवस वनस्पतींचा कडू काढा पिऊन वमन आणि औषधी वाफेचे स्नान. ही प्रतिज्ञा आयुष्यात एकदाच घेता येते. विहाराचे प्रमुख भिक्षू चामरून पार्नचंद यांना १९७५ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. काढ्याने व वमनाने अफूचा अंमल लवकर उतरतो असा पुरावा नाही. तेथील सामर्थ्य प्रतिज्ञेत, शिस्तीत आणि सोबतीत असावे असे दिसते.

चौथे औषध नॅलट्रेक्सोन. ते निर्विषीकरणाचे नसून त्यानंतरचे आहे. मेंदूतील अफूची स्थाने ते अडवून धरते, त्यामुळे अफू घेतली तरी अंमल चढत नाही. मात्र शेवटच्या मात्रेनंतर सात ते दहा दिवस उलटून शरीर पूर्ण मोकळे झाल्यावरच ते सुरू करता येते. घाई केली तर एका गोळीने तीव्र टर्की ओढवते. ही गोळी रोज घ्यावी लागते आणि बहुसंख्य रुग्ण ती मध्येच सोडून देतात, असा अनुभव आहे. घरातील जबाबदार व्यक्तीने ती रोज आपल्या हाताने दिली तर उपयोग वाढतो. महिन्यातून एकदा टोचावयाचे याचेच इंजेक्शनही काही देशांत वापरात आहे.

या सर्व मार्गांची बदली औषधाशी तुलना केली असता काय आढळते? अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांचा निष्कर्ष असा की, कोणतेही औषध न देण्यापेक्षा क्लोनिडीन निश्चितच बरे. हळूहळू कमी केलेल्या मेथाडोनच्या जवळपास ते पोहोचते. परंतु ब्युप्रेनॉर्फीन घेणाऱ्या रुग्णांना त्रास कमी होतो आणि त्यांच्यापैकी अधिक लोक उपचार पुरे करतात.

कोणते मार्ग टाळावेत?

'एका दिवसात मुक्ती' अशी जाहिरात करून रुग्णास भूल देऊन केले जाणारे निर्विषीकरण टाळावे. त्यात लाभ अधिक नाही, आणि मृत्यूच्या घटना घडल्या आहेत. इबोगेन या आफ्रिकी वनस्पतीच्या द्रव्याचाही गवगवा ऐकू येतो. त्याने हृदयाचे ठोके बिघडून रुग्ण दगावल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. ट्रॅमाडॉल अथवा कोडीनचे सरबत घेऊन अफू सोडणे हा तर निव्वळ भ्रम, कारण ती द्रव्ये त्याच कुळातील. बाजारात 'व्यसन सोडविणारी जडीबुटी' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत काय असते हे कळण्यास मार्ग नसतो. कामिनी विद्रावण रस या पारंपरिक योगात तर अफू हा घटकच आहे, आणि त्याच्याच आहारी गेलेले रुग्ण डॉक्टरांकडे येतात.

व्यसनी माणसास खोलीत कोंडणे, साखळीने बांधणे, मारहाण करणे हे उपचार नव्हेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा रुग्णास साखळदंड घालण्यास स्पष्ट मनाई केली आहे.

अकराव्या दिवसाचा धोका

येथवर वाचल्यावर वाचकांस वाटेल की दहा दिवसांचा प्रश्न सुटला. खरा प्रश्न अकराव्या दिवशी सुरू होतो. हे प्रस्तुत लेखकास पुस्तकातून कळले नाही.

काही वर्षांपूर्वी कर्तव्याचा भाग म्हणून एका दहा दिवसांच्या व्यसनमुक्ती शिबिराच्या समारोपास उपस्थित राहण्याचा योग आला. हारतुरे झाले, नारळ देण्यात आले, मान्यवरांची भाषणे झाली. पस्तिशीतील एक शेतकरी व्यासपीठावर उभा राहिला आणि 'माझा दुसरा जन्म झाला' असे म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजविल्या. प्रस्तुत लेखकाने छायाचित्रासह वृत्त पाठविले. 'सर्व शिबिरार्थी व्यसनमुक्त' असे त्याचे शीर्षक होते.

महिना पुरा होण्याच्या आतच त्या शेतकऱ्याचे थोरले बंधू मृत्यूच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत आले असता भेटले. नात्यातल्या एका लग्नात जुनी संगत भेटली. 'एकदाच' म्हणून त्याने स्मॅकची नेहमीची पुडी घेतली, नेहमीएवढीच. रात्री तो मोठ्याने घोरत होता म्हणून घरच्यांना गाढ झोप लागली असे वाटले. सकाळी अंग थंड होते. बंधूंनी खिशातून वृत्ताचे कात्रण काढून दाखविले आणि एवढेच विचारले, "साहेब, तुम्ही तर लिहिले होते की तो मोकळा झाला. मग जुनी पुडी आता त्याला झेपणार नाही, हे आम्हाला कोणी का सांगितले नाही?"

त्या प्रश्नाला तेव्हा उत्तर देता आले नाही. आज देता येते, आणि त्याचसाठी हा लेख आहे. सहनशक्ती हा शब्द ध्यानात ठेवण्यास वर सांगितले होते. जी सहनशक्ती वाढण्यास वर्षे लागली, ती निर्विषीकरणानंतर काही दिवसांतच उतरते. तलफ मात्र मनात राहते, आणि हाताला जुनीच मात्रा ठाऊक असते. पूर्वी ज्या मात्रेने नुसता अंमल चढत असे, तीच आता श्वास थांबविते.

२००३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लंडन येथील डॉक्टरांनी असा एक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयात निर्विषीकरणासाठी दाखल झालेल्या १३७ रुग्णांची त्यांनी पुढे माहिती घेतली. उपचारानंतर चार महिन्यांच्या आत तिघे अतिमात्रेने मृत्यू पावले, आणि ते तिघेही उपचार यशस्वीपणे पूर्ण केलेल्यांपैकी होते. उपचार अर्धवट सोडून गेलेल्यांत अतिमात्रेने कोणी दगावले नव्हते. उपचार अर्धवट सोडावेत असा याचा अर्थ मुळीच नाही. निर्विषीकरणाला उपचाराचा शेवट मानू नये, असा याचा अर्थ आहे. याच कारणास्तव जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शनात बहुसंख्य रुग्णांसाठी केवळ निर्विषीकरणापेक्षा बदली औषध दीर्घकाळ चालू ठेवण्याची शिफारस केली. जोवर मनुष्य ते नियमित घेतो तोवर त्याच्या मृत्यूचा धोका बराच घटतो.

आता त्या वयस्क गृहस्थांच्या खुंट्याच्या दृष्टान्ताकडे पुन्हा पाहू. बैल मोकळा सुटणे हे उत्तमच. परंतु कुंपण नसलेल्या विहिरीच्या काठी त्याला मोकळा सोडणे शहाणपणाचे नव्हे. बदली औषध नको असेल तर त्याच्या जागी दुसरे भक्कम कुंपण हवे.

निवड कशी करावी?

व्यसन अल्पकाळचे असणे, मात्रा थोडी असणे, घरची माणसे सोबत असणे, कामधंदा टिकून असणे आणि रुग्णाची स्वतःची इच्छा असणे, या गोष्टी जुळल्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बदली औषधावाचून निर्विषीकरण करून पाहता येते. याउलट जो सुईने द्रव्य टोचून घेतो, जो पूर्वी अनेकदा सोडून पुन्हा वळला आहे, ज्यास घर वा आधार नाही, त्याच्यासाठी बदली औषधच सामान्यतः अधिक सुरक्षित ठरते. गर्भवती स्त्रीने अफू अथवा गर्द एकाएकी बंद करू नये. त्याने गर्भास धोका पोहोचतो, म्हणून तिला तत्काळ रुग्णालयात न्यावे. अफूबरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचेही व्यसन असल्यास ते घरी सोडण्याचा प्रयत्न करू नये. दारू व त्या गोळ्या एकाएकी बंद केल्याने झटके येऊन मृत्यू येऊ शकतो.

एक मार्ग फसला तर दुसरा आहे, हे रुग्णास आरंभीच सांगावे. पुन्हा घसरणे हा या आजाराचा नेहमीचा भाग आहे, आणि त्यावरून माणसाची लायकी ठरवू नये. जो बदली औषध घेतो तो अर्धाच सुटला, आणि जो न घेता राहतो तोच खरा मर्द, अशी भाषा गावात चालू देऊ नये. या भाषेच्या लाजेने औषध सोडून दिलेली माणसे पुन्हा पुडीकडे वळतात.

कुंपण कोणी घालावयाचे?

पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांच्या प्रयत्नांतून उभे राहिले. तेथील पस्तीस दिवसांच्या निवासात शरीराच्या निर्विषीकरणाचा काळ थोडाच. उरलेला काळ मनाची तयारी, गटचर्चा, योगासने, काम आणि कुटुंबीयांशी संवाद यांसाठी असतो, आणि घरी परतल्यावरही पाठपुरावा चालू राहतो. हा क्रम ध्यानात घेऊन गावपातळीवर पुढील गोष्टी करता येतील.

घरच्यांनी पहिले तीन-चार महिने सर्वांत धोक्याचे समजावेत. लग्नकार्य, यात्रा, हातात एकरकमी पैसा येण्याचे दिवस, घरातील भांडण किंवा मृत्यू या प्रसंगी माणसाला एकटे सोडू नये. तो घसरलाच तर त्याने एकांतात घेऊन लपविण्यापेक्षा घरी सांगावे, एवढा विश्वास राखावा. मनुष्य जागा होत नाही, श्वास फार मंद आहे, घोरण्यासारखा घरघर आवाज येतो, ओठ वा नखे निळसर पडली आहेत, असे दिसताच ती झोप समजू नये. त्यास कुशीवर वळवून तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व त्याने काय घेतले ते डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. नॅलोक्सोन या इंजेक्शनाने बंद पडू लागलेला श्वास पुन्हा सुरू होऊ शकतो, परंतु त्यासाठी वेळेवर पोहोचले पाहिजे.

सरपंच व पंचांनी शिबिराहून परतलेल्यास सत्काराऐवजी काम द्यावे. समारंभात अफूची मनुहार बंद करण्याचा ठराव करावा. शिक्षकांनी मुलांना हे शिकवावे की व्यसनी पालक वाईट माणूस नसून आजारी माणूस आहे. असे मूल वर्गात गप्प होते, शाळा चुकविते. त्याची विचारपूस आधी शिक्षकालाच करता येते.

आरोग्य व महसूल खात्यांतील कर्मचाऱ्यांनी शिबिराची आकडेवारी दहाव्या दिवशी बंद करू नये. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने किती जण संपर्कात आहेत व किती जण जिवंत आहेत, हाच खरा हिशेब. प्रचाराचे काम करणाऱ्यांनीही तोच प्रसिद्ध करावा. प्रस्तुत लेखकाने तो धडा घेतला आहे.

कायद्याची भीती अनेकांना दवाखान्यापासून दूर ठेवते. १९८५ च्या मादक द्रव्यविषयक कायद्यातील कलम ६४-अ अन्वये, केवळ सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेण्यास तयार झाल्यास त्यास खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचारांविषयी माहितीसाठी केंद्र शासनाचा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागातही चौकशी करावी.

चर्चेसाठी प्रश्न

ग्रामसभेत, शिक्षकांच्या बैठकीत अथवा वरच्या वर्गांत पुढील प्रश्नांवर चर्चा घडवून आणावी.

१. निर्विषीकरणानंतर जुनी मात्रा घातक का ठरते?

२. क्लोनिडीन व नॅलट्रेक्सोन यांच्या कार्यांत काय भेद आहे? प्रत्येकाचा उपयोग केव्हा करावयाचा?

३. बदली औषध घेणाऱ्याविषयी आपल्या गावात काय बोलले जाते? त्याचा त्याच्यावर काय परिणाम होतो?

४. शिबिराहून परतलेल्या माणसासाठी पहिल्या तीन महिन्यांत आपले गाव कोणती तीन कामे करू शकेल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गावाने कागदावर लिहून, कोणते काम कोणी करावयाचे त्याचे नाव त्यापुढे घालावे. मार्ग कोणताही निवडला तरी दहा दिवस डॉक्टर सांभाळतील. अकराव्या दिवसापासून तो माणूस आपल्या स्वाधीन आहे.